नाताळच्या सुट्टीत मुलांना आणि आजीला घेऊन जंगलात पायी फिरायचंय, कुठे जाऊ?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, लिहायची पहिलीच वेळ, चुकलं तर सांभाळून घ्या.

२५ ते २८ डिसेंबर आम्ही दोन घरं मिळून ठाण्याहून निघणार आहोत. आम्ही दोघं, दीर-जाऊ, मुलं तीन (वय ४, ८ आणि १३) आणि सासूबाई, वय ६८, एक गुडघा कुरकुरतो पण उत्साह सगळ्यात जास्त त्यांचाच. दरवर्षी रिसॉर्ट होतं म्हणजे स्विमिंग पूल, बुफे, रात्री डीजे, आणि गेल्या वर्षी परत येताना धाकट्याने गाडीत विचारलं, "आई, आपण कुठे गेलो होतो?" तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी जंगलात चालायचं. जीपमधून नाही, पायी.

आता घरात तीन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो ताडोबा, दीर म्हणतात भीमाशंकर, जाऊबाई म्हणतात माथेरान (तिथे चपला छान मिळतात हे खरं कारण). मला विचाराल तर कुठेही चालेल पण ४ वर्षांचं पोर किती चालेल, साप-बिबट्या हे प्रकरण किती सिरीयसली घ्यायचं, आणि १३ वर्षांची जी मोबाइलमधून मान वर काढत नाही तिचं काय करायचं, हे तीन प्रश्न आहेत. चौथा बाथरूमचा, पण तो कोणी लिहीत नाही कुठेच.

नागपुरी_संत्रं

ताई, ताडोबा आधी काट मारा लिस्टमधून. माझं गाव तिकडचंच हाय म्हणून सांगतो, ताडोबा एक नंबर, पण तिथल्या कोअरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलात, टुरिस्टला पायी फिरता येत नाही. जिप्सीत बसायचं, गाइड सोबत, आणि जिप्सीतून पाय खाली ठेवायचा नाही. नाताळच्या आठवड्याचं बुकिंग लोक कधीचे करून बसलेले असतात ते वेगळंच. आणि ४ वर्षाच्या पोट्ट्याला पहाटे थंडीत उठवून चार तास जिप्सीत "चूप बस, वाघ येईल" म्हणत बसवणं म्हणजे त्यालाही शिक्षा अन् तुम्हालाही. आमच्या पुतण्याने वाघ दिसला तेव्हा झोप काढली, उठला तेव्हा म्हणे मला भूक लागली.

वाघ बघायचा तर मुलं दहा-बाराची झाल्यावर या, मग आमच्याकडेच उतरा.

पायवाट

सोनचाफा ताई, दोन मुलींचा बाप आहे, मोठी आता ११ ची, धाकटी ६ ची, दोघींना तीन वर्षांच्या असल्यापासून नेतोय म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, चार वर्षांचं मूल. आपण म्हणतो दोन किलोमीटर म्हणजे अर्ध्या तासाचं काम. त्याला दोन तास लागतात, आणि ते पाय दुखतात म्हणून नाही, दर दहा पावलांवर काहीतरी असतं म्हणून. वारूळ, काटकी, शेण, शेणावर बसलेलं फुलपाखरू, परत काटकी. आमच्या धाकटीने एकदा अख्खी सकाळ एका कोळ्याच्या जाळ्यापुढे काढली होती आणि मी मूर्खासारखा "चल पुढे पॉइंट आहे" करत होतो. तर प्लॅन करताना जाऊन-येऊन दोन-तीन किलोमीटर, जास्तीत जास्त तीन तास, एवढंच धरा. शेवटचा अर्धा तास ते खांद्यावर असणार हेही धरा आणि तो खांदा कोणाचा हे घरीच ठरवा, जंगलात भांडण नको.

दुसरं, जागा. ठाण्याहून जाताय तर माझं मत कर्नाळा आणि फणसाड. दोन्ही एकाच रस्त्यावर पडतात हा मोठा फायदा. पनवेल सोडलं की गोवा हायवेला लागूनच कर्नाळा पक्षी अभयारण्य, पनवेलपासून १२-१३ किलोमीटर. सकाळी गेट उघडताना पोचलात तर पक्षी आणि शांतता दोन्ही मिळतं, दहानंतर पिकनिकवाले येतात आणि मग पक्ष्यांऐवजी पोरांचाच किलबिलाट. आत पक्षी बघायला दोन पायवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका, गेटवर विचारून घ्या त्या दिवशी कुठली बरी ते. किल्ल्याकडे जाणारी वाट तिसरी. ती आजी आणि छोट्याला नकोच, चढ आहे, आणि वर तो अंगठ्यासारखा सुळका आहे ना, तिथे आग्या मोहोळं असतात. पूर्वी माणसांवर उठलेली आहेत. किल्ल्यावर जाणारच असाल तर सेंट-बिंट लावू नका, धूर करू नका, पोरांना ओरडू देऊ नका. माझा सल्ला, तेरा वर्षांचीला फक्त तिच्या बाबांबरोबर पाठवा वर. तिला "लहान मुलांबरोबर चल" म्हटलं की तोंड पाडणार, "तू मोठी आहेस, किल्ला कर" म्हटलं की बघा.

(इतिहासाची आवड असेल तर, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा ह्या कर्नाळ्याचे किल्लेदार होते.)

मग तसंच पेण, वडखळ, अलिबाग, रेवदंडा करत काशीदला या. मुक्काम काशीद किंवा नांदगावला घरगुती ठिकाणी, तिथे तुमचा चौथा प्रश्न सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फणसाड. सुपेगावकडून आत जायचं, वनखात्याचं ऑफिस आहे, नाव नोंदवा, गावातलाच गाइड घ्या. पैसे वाचवायच्या नादात गाइड टाळू नका, त्याच्याशिवाय आपण नुसतं हिरवं-हिरवं बघून परत येतो.

फणसाड म्हणजे पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ साली अभयारण्य झालं. आत पाणवठे आहेत, त्यांना तिकडे गाण म्हणतात, चिखलगाण वगैरे. गाणीच्या काठावर न बोलता वीस मिनिटं बसलात तर काहीतरी येतंच प्यायला, निदान पक्षी तरी. पण सात माणसांनी आणि एका चार वर्षांच्याने वीस मिनिटं गप्प बसणं हे बिबट्या दिसण्याइतकंच दुर्मिळ आहे :-)

झणझणीत

पायवाट यांचं नेहमीचं फणसाड पुराण सुरू झालं :-) दर वर्षी हेच.

मी माथेरानच्या बाजूने बोलणार. सोनचाफा, तुमच्या जाऊबाईंना चपलेवरून हसू नका. लहान मूल आणि म्हातारं माणूस एकत्र असलं की सगळ्यात मोठी भीती बिबट्याची नसते, मागून येणाऱ्या गाडीची असते. माथेरानात गाड्याच नाहीत. दस्तुरी नाक्याला गाडी लावायची, तिथून पुढे पाय, घोडा, नाहीतर अमन लॉज स्टेशनवरून शटल ट्रेन. ई-रिक्षा पण आहेत आता पण सुट्टीत त्यांच्या भरवशावर राहू नका. पोर हात सोडून पुढे पळालं तरी जीव वर-खाली होत नाही, ह्याची किंमत आईलाच कळते.

आणि "ते काय जंगल, ते तर हिल स्टेशन" असं कोणी म्हणू नका. मार्केट सोडून शार्लोट लेककडे, पिसरनाथाच्या देवळाच्या बाजूने निघा, दुपारी बारालासुद्धा सावली असते. जांभूळ, हिरडा, अंजनी, सगळी जुनी झाडं. लाल मातीची रुंद वाट, आजींना काठी टेकत जाता येते, दमल्या तर घोडा आहे. नेरळहून मिनी ट्रेनचं तिकीट मिळालं तर मुलं आयुष्यभर नाव काढतील, १९०७ ची लाइन आहे ती, दोन फुटी रूळ, वाटेत बोगदा एकच.

वाईट बाजू पण सांगते. लाल धूळ नाका-तोंडात, घोड्यांची लीद, आणि माकडं. माकडांपुढे हातात पिशवी दिसली की गेली. माझ्या भाच्याच्या हातातलं चिकीचं पाकीट एवढ्या सफाईने नेलं की त्याला रडायचं पण सुचलं नाही. खायचं सगळं सॅकमध्ये, चेन बंद. आणि पॉइंटवर कठडा असेल असं गृहीत धरू नका, काही ठिकाणी सरळ दरी आहे, छोट्याचं मनगट धरायचं, बोट नाही.

पायवाट

झणझणीत, माथेरान वाईट म्हटलं नाही मी. पण २५ ते ३१ डिसेंबर? दस्तुरीला पार्किंगलाच दोन तास जातील. जूनच्या शेवटी जा म्हणा, मी येतो बरोबर.

झणझणीत

जूनच्या शेवटी नेरळची गाडी बंद असते पावसामुळे. आणि २५ डिसेंबरला वडखळला ट्रॅफिक नसतो का? बरं, सोडा. सोनचाफा, सोमवार ते गुरुवार जमत असेल तर माथेरान, नाहीतर ह्यांचं ऐका. (हे मी लिहिलं यावर माझाच विश्वास बसत नाहीये.)

घाटमाथा_जुन्नर

भीमाशंकरबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. दीर भीमाशंकर म्हणतात ते रस्त्याने का घाटाने ते आधी विचारा. खांडसवरून शिडी घाटाने म्हणत असतील तर हात जोडून नाही म्हणा, लोखंडी शिड्या आणि कातळ आहे, तिथे दरवर्षी कोणीतरी अडकतं. गणेश घाट सोपा म्हणतात तो पण काही तासांचा चढ आहे, चार वर्षांच्या मुलाचं काम नाही. मंचर-घोडेगाव-डिंभे करत गाडीने वर यायचं.

वर देवळापाशी सुट्टीत गर्दी प्रचंड. पण देवळामागून गुप्त भीमाशंकरची वाट धरली की पाचशे पावलांत गर्दी मागे राहते, कारण दर्शन झालं की लोकांना भजी खायची असते. पुढे नुसतं रान. तिथे मान वर करून चालायचं, शेकरू (मोठी खार) दिसतोच. दिसायच्या आधी ऐकू येतो, खट-खट-खट असा आवाज करतो, मग फांदी हलते, मग ते तपकिरी-पिवळं धूड आणि अंगापेक्षा लांब शेपूट. एक शेकरू बरीच घरटी बांधतो, झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचे गोळे दिसले की समजायचं. एक लक्षात ठेवा, जाताना उतार आहे म्हणजे येताना चढ. आजींच्या गुडघ्याला उतारच जास्त दुखतो, माझ्या आईचा अनुभव आहे, चढताना बरी असायची आणि उतरताना डोळ्यांत पाणी.

जमलं तर आहुप्याच्या बाजूला देवराई बघा. देवाच्या नावाने राखलेलं रान, पडलेलं लाकूडसुद्धा गावकरी नेत नाहीत. कॅम्पिंगवाल्यांनी आता तिकडेही गाणी लावायला सुरुवात केली आहे त्याबद्दल बोलायला लागलो तर वेगळा धागा काढावा लागेल.

डोंबिवलीची_आत्या

सगळे जागा सांगतायत, मी कपडे सांगते. डिसेंबर आहे म्हणजे खाजकुइली वाळलेली असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वेल असते, त्याला मखमलीसारख्या सोनेरी लव असलेल्या शेंगा येतात, इतक्या गोड दिसतात की मुलं हात लावणारच. आमच्या घरच्या आठ वर्षांच्या नगाने ती शेंग तोडली, भावाच्या मानेत घातली, आणि मग स्वतःचे डोळे चोळले. पुढचं वर्णन करत नाही. दोन्ही पोरं नाचतायत, आई रडतेय, मी पाणी ओततेय, आणि पाण्याने ती जास्तच पसरली. शेवटी जवळच्या वाडीतल्या एक मावशी आल्या, हसल्या आधी पोटभर, मग ओलं शेण आणून मानेला थापलं, वाळल्यावर सोलून काढलं त्याबरोबर लव निघाली. डोळ्याला अर्थातच शेण नाही, डोळा नुसता पाण्याने धूत राहिलो आणि डॉक्टरकडे नेलं. तेव्हापासून माझ्या पर्सला चिकटपट्टीचं रीळ असतं, कातडीवर चिकटवून ओढली की लव निघते, चोळायचं मात्र अजिबात नाही, आणि ते कपडे वेगळ्या पिशवीत.

म्हणून फुल बाह्या, फुल पँट, पँट मोज्यात खोचलेली. कॉटनचं. नवीन बूट घेऊन थेट जंगलात जायचं नाही, आधी आठ-दहा दिवस घरात, सोसायटीत घालून फिरायचं. क्रॉक्स तर नकोच नको. भडक लाल-नारिंगी कपडे नकोत असं पक्षी बघणारे म्हणतात, मी म्हणते छोट्याला घालाच, पक्षी नाही दिसला तर चालेल, पोरगं दिसलं पाहिजे. गळ्यात शिट्टी. एकच नियम शिकवा, आई-बाबा दिसेनासे झाले तर आहे तिथेच थांबायचं आणि शिट्टी वाजवायची, शोधायला जायचं नाही.

सोनचाफा

बाई गं, केवढी माहिती. सगळ्यांना धन्यवाद. खाजकुइली वाचून सासूबाई एवढ्या हसल्या, म्हणाल्या आम्ही शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर टाकायचो. ही माहिती मुलांसमोर द्यायची गरज नव्हती.

ताडोबा बाद. दिरांना शिडी घाटच म्हणायचा होता, तेही बाद. कर्नाळा-फणसाडकडे कल झुकलाय. पण बिबट्याबद्दल कोणीतरी नीट लिहा ना, जाऊबाई तेवढ्यावर अडून बसल्यात. आणि १३ वर्षांची किल्ल्याला तयार आहे पण म्हणते "तिथे रेंज असेल ना?"

पायवाट

ताई, तुम्ही ठाण्यात राहता म्हणजे तुम्ही बिबट्यांच्या शेजारीच राहता. येऊर हे बोरिवलीच्या नॅशनल पार्कचंच ठाण्याकडचं टोक, शंभराच्या वर चौरस किलोमीटरचं ते जंगल आणि त्यात बिबटे आहेत हे सगळ्या मुंबईला माहीत आहे. जाऊबाईंना विचारा किती वेळा दिसला. तो माणसाला टाळतो. तरी काळजी घ्यायची ती एवढी की पहाटे अंधारात आणि संध्याकाळी वाटेवर असायचं नाही, छोटं मूल रांगेच्या मध्ये, सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मागे मोठं माणूस, आणि कोणी एकटं झाडामागे वाकून बसायला जायचं नाही, सोबत कोणीतरी उभं राहायचं. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो पण दाट रानात पाचलाच उजेड जातो, तेव्हा साडेचारला बाहेर.

साप. बिबट्यापेक्षा ह्याची काळजी जास्त खरी आहे, आणि ती पण हात-पाय कुठे घालतो एवढ्यापुरतीच. दगड उलटायचे नाहीत, बिळात काठी घालायची नाही, पाल्यापाचोळ्यावर बसायच्या आधी काठी आपटायची. कोकणात फुरसं असतं, वीतभर-हातभर आकाराचं, मातीच्या रंगाचं, दिसत नाही पटकन. चावलंच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही करायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, उचलून गाडी, १०८, आणि सरकारी दवाखाना, सापाचा फोटो काढायच्या मागे लागायचं नाही. इतक्या वर्षांत मला साप दिसले चार-पाच, सगळे पळताना.

आणि एक करा. जायच्या आधी एका रविवारी सकाळी येऊरला रंगीत तालीम करा, गेटवर विचारून जिथवर सोडतात तिथवरच. बूट चावतात का, कोण किती पाणी पितं, आजी किती चालतात, कोणाला दर पंधरा मिनिटांनी शू होते, सगळं घराजवळ कळतं.

बाथरूम: कर्नाळ्याला गेटपाशी आहे, तिथे सगळ्यांना सक्तीने पाठवा, "मला नाही आली" ऐकायचं नाही. आत वेळ आलीच तर पाण्यापासून लांब, वाटेपासून लांब, आणि टिश्यू पिशवीत घालून परत. हो, परत.

तेरा वर्षांचीसाठी: तिला एक काम द्या. आपल्या राज्याच्या मानचिन्हांपैकी पाच, प्राणी शेकरू, पक्षी हरियाल, फूल ताम्हण, झाड आंबा आणि फुलपाखरू नीलवंत. पाचही दोन दिवसांत शोधायची आणि फोटो काढायचा. मोबाइल काढून घेऊ नका, मोबाइललाच कामाला लावा. ताम्हण डिसेंबरात फुलत नाही हे सांगू नका, तिला शोधू दे, वाळकी बोंडं दिसली तरी मार्क द्या.

कोकम_सरबत

उशिरा लिहितंय. मी सावंतवाडीचो. आंबोलीचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून जरा वाईट वाटलं पण खरं सांगू, आंबोली डिसेंबरात नाही, आंबोली पावसाळ्यात. रात्री बॅटरी घेऊन बेडूक बघत फिरायला, फांदीवर हिरवा चापडा (विषारी साप) बसलेला असतो, पण ते मुलं मोठी झाल्यावर आणि जाणत्या माणसाबरोबरच. थंडीत आलात तर हिरण्यकेशीच्या देवळाकडे जा, तिथल्या कुंडात एक छोटा मासा आहे, २०२० साली शास्त्रज्ञांनी तो नवीन जातीचा म्हणून नोंदवला, आणि त्यासाठी ती जागा २०२१ मध्ये जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. एका माशासाठी!

मुद्दा वेगळा होता. गोचीड. पावसाळ्यात जळवा, थंडी-उन्हाळ्यात गोचीड. जळू दिसते तरी, लहान गोचीड तिळाएवढी असते. आमच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ ला माकडतापाची साथ आली होती, ती गोचिडीतूनच पसरते, आणि डिसेंबर ते मे हाच तिचा काळ. फणसाडला जाताय त्यांनी घाबरायचं कारण नाही, पण सवय म्हणून सांगतो, रानातून आलं की लगेच आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि मुलांच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, केसांत बघायचं. चिकटलेली असली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल नाही, काडी नाही. आणि कुठेही मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. नंतर ताप आला तर डॉक्टरला "रानात गेलो होतो" हे सांगायचं, लोक नेमकं तेच विसरतात.

सोनचाफा

जाऊन आलो! म्हटलं वृत्तांत दिलाच पाहिजे, नाहीतर लोक विचारून गायब होतात.

येऊरच्या तालमीत कळलं की नवऱ्याचेच बूट चावतात. मुलं ठणठणीत. सासूबाई सगळ्यांच्या पुढे.

२५ ला पहाटे पाचला निघालो, कर्नाळ्याला गेट उघडायच्या आधीच हजर. बाटल्या मोजून डिपॉझिट घेतलं, परत येताना सगळ्या दाखवून पैसे परत, मुलांना हा प्रकार फार आवडला, दुसऱ्यांच्या टाकलेल्या दोन बाटल्या पण उचलून आणल्या आणि त्याचे पैसे मिळत नाहीत म्हणून हुज्जत घातली. हरियाल नावाच्या वाटेवर हरियाल दिसला नाही. दिसला तो लांब शेपटीच्या टोकाला दोन पिसं लोंबणारा काळा पक्षी, गार्ड म्हणाले भांगराज, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो, आणि खरंच त्याने आमच्यासमोर तीन वेगवेगळे आवाज काढले. छोट्याने त्याला उत्तर द्यायला सुरुवात केली आणि मग तो उडाला. बाप-लेक किल्ल्याला गेले. बापाची वाट लागली होती, लेक म्हणाली "इट वॉज ओके", जी तिच्या भाषेत फार मोठी स्तुती आहे.

वडखळला ट्रॅफिक लागला. झणझणीत, तुम्ही जिंकलात. पावणेदोन तास.

फणसाडला खरी मजा आली आणि ती मला अपेक्षित नव्हती तिथून. सासूबाईंचं माहेर माणगावकडचं, हे मला माहीत होतं, पण लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी त्या रानात वाढल्यात हे मला कधी डोक्यातच आलं नव्हतं. गाइड मुलगा विशीतला, तो "हे झाड" म्हणेपर्यंत ह्या नाव सांगायच्या. हा ऐन, साल बघ मगरीसारखी. हा कुंभा. ही अंजनी, हिचं लाकूड जड. एका ठिकाणी हातभर लांब, चपटी, वाळलेली शेंग पडलेली, मी म्हटलं हे काय, तर दोघांनी एकदम "गारंबी!" मग तासभर ती दोघंच पुढे बोलत आणि आम्ही मागे. गुडघ्याचा विषय सुद्धा निघाला नाही, तो रात्री निघाला, बाम लावताना.

गाणीपाशी आम्ही वीस मिनिटं नाही पण आठ मिनिटं गप्प बसलो, घड्याळ लावून. एक खंड्या आला, आणि समोरच्या काठाला चिखलात ठसे होते, गाइड म्हणाला सांबर. जाऊबाईंनी तीनदा विचारलं नक्की सांबरच ना. शेकरूचं घरटं दिसलं, शेकरू दिसला नाही, पण १३ वर्षांच्या बाईंनी घरट्याचा फोटो काढून अर्धा मार्क स्वतःलाच दिला. नीलवंत मिळाला, होमस्टेच्या अंगणातल्या जास्वंदीवर! आंबा तर कुठेही. ताम्हण गाइडने दाखवलं, वाळकी बोंडं. असे एकूण साडेतीन. हरियाल राहिला, त्यावरून ती अजून माझ्याशी वाद घालते की कर्नाळ्याला अर्धा तास अजून थांबलो असतो तर दिसला असता.

एक गोंधळ झाला. आठ वर्षांच्याने गारंबीची एक बी खिशात घातली होती, मोठी, गुळगुळीत, चॉकलेटी, कोणालाही मोह होईल अशी. गेटवर गार्डने खिसा फुगलेला बघितला. ओरडला नाही, नुसतं म्हणाला बाळा, इथलं काही न्यायचं नसतं, पान पण नाही. हा रडकुंडीला. मग आजी त्याचा हात धरून परत आत पन्नास पावलं गेली, काठीने माती उकरली, बी पुरली, वर पाला ढकलला, आणि आल्यावर मला म्हणाली, मी लहानपणी अशा बियांनी दिवस दिवस खेळलेय, माझ्याकडे डबाभर होत्या.

गोचीड एक निघाली, दिरांच्या कानामागे. चिमट्याने काढली. ते दोन दिवस ताप बघत बसले होते, काही झालं नाही.

आता कन्यारत्न विचारतंय की मे-जूनमध्ये भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जातात ते रात्री पायी जातात का गाडीतून. कोणी गेलंय का लहान मुलांना घेऊन?

झणझणीत

गेलेय. वीकेंडला जाऊ नका, गाडीच्या दिव्यांत काजवे काय दिसणार. पण नवीन धागा काढा, इथे पायवाट परत फणसाड सांगतील.

पायवाट

फणसाडला पण काजवे असतात.